उदबत्तीकाका आणि गॅरेजचं दार

अमेरिकेत, बोस्टनजवळच्या श्रूजबरीत दोन हजार तीन साली एखादं मराठी जोडपं घर बघायला निघालं, की गाडीत दोन गोष्टी हमखास असत. एक बँकेचं पत्र आणि दुसरे मागच्या सीटवर माकडटोपी घालून बसलेले चारुदत्त सबनीस.

एजंट बाई दार उघडून हसत हसत हॉलकडे हात करायची. सबनीसकाका तिला मान डोलावून बरोबर उलट्या दिशेला वळायचे आणि बेसमेंटचा जिना उतरायला लागायचे. "वरचं काय बघताय? रंग बघायचे तर साडीच्या दुकानात जा. घर खालून बघायचं असतं." खाली गेल्यावर आधी नाक वर करून वास घ्यायचे. मग टॉर्च मारून भिंतीच्या तळाशी पांढरट रेघ दिसते का ते बघायचे. दिसली की समजायचं, इथे कधीतरी पाणी शिरून गेलंय, मग मालकाने वरून कितीही रंग फासलेला असो. त्यानंतर बॉयलरच्या अंगावर हात ठेवून त्याचं वय सांगायचे, आणि सगळ्यात शेवटी वर येऊन कोटाच्या खिशातून उदबत्ती काढायचे.

खिडकीच्या चौकटीशी, दाराच्या फटीशी, प्लगच्या प्लेटशी पेटलेली उदबत्ती धरायची. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला, थरथरला, तर तिथून वारा येतोय. इथली घरं तापतात तेलावर, आणि धूर जिथे वाकतो तिथून ते तेल सगळा हिवाळा बाहेर जात असतं. एजंट बाई घाबरून म्हणायची, "सर, नो स्मोक प्लीज." काका गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा चेहरा करून म्हणायचे, "रिलिजस." बाई दोन पावलं मागे सरायची.

नीलांबरी आणि राजेश हे पुण्याचं आयटीतलं जोडपं त्यांना असंच घेऊन गेलं होतं. नीलांबरी किचनच्या ओट्यावरून हात फिरवत उभी होती.

"काका, हे ग्रॅनाइट बघा ना!"

"बघितलं. आता ग्रॅनाइटमागचा धूर बघ."

धूर आडवा झाला होता.

"म्हणजे घ्यायचं नाही का?" तिचा आवाज रडवेला झाला.

"घ्यायचं की. पण मालकाला हा धूर दाखवून घ्यायचं. आणि राजेश, तू माझ्याकडे काय बघतोस? बायकोने ग्रॅनाइट बघितलं, तू टीव्ही कुठे लावायचा ते बघत होतास. बॉयलर कोणी बघायचा, मी?"

"हो काका," राजेश म्हणाला. "म्हणून तर आणलंय."

घर घेतलं. सबनीसांच्या घरापासून तीन रस्ते पलीकडे. उदबत्तीकाका हे नाव राजेशनेच पाडलं, आणि गणपतीच्या कार्यक्रमात ते एकदा माइकवरून उच्चारलं गेल्यावर ते सगळ्या गावाचं झालं. काकांनी रागावल्यासारखं केलं, पण घरी येऊन कांचनकाकूंना तीनदा सांगितलं.

रागावतील कशाला? वर्षभरापूर्वी त्यांना कोणतंच नाव नव्हतं. वूस्टरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी पाण्याचे व्हॉल्व डिझाइन केले होते. दोन हजार दोनच्या मार्चमध्ये कारखाना बंद झाला. पंचावन्नाव्या वर्षी अर्ज करायला लागले. सगळीकडून एकच उत्तर यायचं, तुमचा अनुभव फार जास्त आहे. काकांना ते नीट कळायचं. मग ही घरं बघणं सुरू झालं. फी नाही, फार तर दुपारचं जेवण. पण काकूंनी कुठे निघालात विचारलं की "व्हिजिटला" म्हणायचे, जसे काही हार्टचे डॉक्टर. आणि एखाद्या शनिवारी दहा वाजेपर्यंत फोन वाजला नाही, तर रिसीव्हर उचलून टोन येतोय का ते बघायचे. हे काकूंनी पाहिलं होतं.

आता दुसऱ्यांच्या घरांना ऊब देणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर कसं होतं? थंडगार. हॉलमधला थर्मोस्टॅट साठ फॅरनहाइटवर, म्हणजे जेमतेम पंधरा सेल्सियस. नोकरी गेल्यावर अठ्ठावन्नावर. "घर कशाला तापवायचं? माणूस तापवा," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यामुळे सबनीसांकडे जेवायला जाणारे पाहुणे कोट काढत नसत, आणि चहा पिऊन झाला तरी कप हातातच धरून बसत.

एकुलती एक मुलगी आसावरी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. दोन हजार दोनच्या थँक्सगिव्हिंगला ती आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. दोन स्वेटर, वर कोट, गुडघ्यांवर रजई, आणि तशीच टेबलावर जेवायला बसलेली. तिने फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, प्लीज, टू डिग्रीज?" काकांनी तिला अंगातली उष्णता कशी टिकवावी यावर पंधरा मिनिटं सांगितलं. मोजे दोन घालावेत, टोपी घालून झोपावं. आसावरीने पानावरून उठून फ्लाइट एक दिवस आधीची करून घेतली. जाताना दारात म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट ब्रिंगिंग अ बेबी टू धिस फ्रिज."

ती खरंच आली नाही. मे महिन्यात निमिष झाला. काकू बाळंतपणाला चार महिने तिकडे राहून आल्या. काकांनी नातवाला फक्त फोटोत पाहिलं. फोटो फ्रिजवर लावला होता, आणि त्या घरात फ्रिज कुठला नि हॉल कुठला हे थर्मामीटर लावूनच कळलं असतं. पण तो फोटो रोज सकाळी ते रुमालाने पुसायचे. त्यावर धूळ नसायची तरी.

डिसेंबरात काकूंनी फोनवर आसावरीला गळ घातली. निमिषची पहिली संक्रांत, बोरन्हाण आजीच्या घरी व्हायला हवं. हलव्याचे दागिने मी स्वतः करते. मग आसावरी म्हणाली, "बाबांना दे."

काकांनी रिसीव्हर घेतला.

"सेव्हन्टी-टू, बाबा. नॉट सेव्हन्टी-वन."

"बहात्तर," काका म्हणाले. "अगं, तू ये तर खरी. तुला कार्डिगन काढून ठेवावं लागेल."

बाकी सगळं गेलं होतं. हे एक हातात आलं होतं.

त्या दिवसापासून उदबत्तीकाकांनी स्वतःचं घर व्हिजिटला घेतलं. पाच आठवडे. बॉयलर साफ करून घेतला. भिंतींच्या तळाशी बसवलेल्या बेसबोर्ड हीटरमधली अडकलेली हवा किल्लीने सोडून दिली, त्याशिवाय गरम पाणी टोकापर्यंत पोचत नाही. खिडक्यांना प्लास्टिक लावून ते हेअर ड्रायरने ताणून बसवलं. हेअर ड्रायर काकूंचा, आणि काकू केस ओले घेऊन मागे उभ्या. प्लगच्या प्लेटींमागेसुद्धा फोमचे तुकडे घातले. प्रत्येक फटीपाशी उदबत्ती. घरात महिनाभर चंदनाचा इतका वास होता की पोस्टमनने विचारलं, कोणी गेलं का.

शेवटी राहिलं गॅरेजचं दार.

या दाराची एक गोष्ट आहे. सात वर्षांपूर्वी, काका कामावर असताना, एका मीटिंगमध्ये शेजारच्या गोऱ्याने हळूच खुर्ची लांब सरकवली होती. काकांनी कोटाची बाही नाकाशी नेली. फोडणी. हिंग, मिरची आणि कालची भरली वांगी. त्या महिन्यात त्यांनी गॅरेजच्या एका कोपऱ्यात फोडणीचं किचन बांधलं. शेगडी, पंखा, छोटा सिंक. सिंकसाठी बेसमेंटमधून अर्ध्या इंचाचा तांब्याचा पाइप वर घेतला, तो गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीतून फिरवून नळापर्यंत नेला. सांध्यांना डाग स्वतः दिले. एकही थेंब गळला नाही. तेव्हापासून तळण आणि फोडण्या गॅरेजमध्ये, आणि घरात फक्त गोऱ्यांसारखा वास. गावातल्या चार घरांनी ते बघून तसंच केलं.

फक्त घर आणि गॅरेज यांच्यामधलं दार जरा वेडंवाकडं होतं. खालून बोटभर फट. त्या फटीवर काकांचा जुना राग. "कांचन, अर्धं तेल या फटीतून गॅरेजला जातं. गॅरेज तापवायला आपण काय गाडीला बाळंतीण समजतो?"

"मग बुजवा ना," काकू म्हणायच्या. सात वर्षं असंच चाललं होतं. आता बुजवली. दाराला खाली रबरी पट्टी, चारी बाजूंनी फोम, आणि गॅरेजच्या बाजूच्या सगळ्या भिंतीला, जिथे जिथे हात पोचेल तिथे, गुलाबी इन्सुलेशन. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्यांनी दाराच्या तळाशी उदबत्ती धरली. धूर ओळंब्यासारखा सरळ वर गेला.

"कांचन, ये, बघ. बघ एकदा."

काकू गॅरेजमधून आल्या, हातात हलव्याची परात. हलवा त्या तिथेच करत होत्या, कोट घालून, मंद शेगडीसमोर, तीन आठवडे. गॅरेजच्या कोरड्या थंडीत हलव्याला काटा असा आला होता की नागपूरच्या त्यांच्या आईनेसुद्धा विचारलं असतं, कुठल्या दुकानातून आणलास. माळ, मुकुट, बाजूबंद, बासरी. निमिषच्या मनगटाचं माप फोनवरून घेतलेलं, आसावरीने सुतळीने मोजून सांगितलेलं.

"छान," काकू म्हणाल्या. "आता याला घरात ठेवू नका हं. बहात्तरावर घाम सुटेल याला. गॅरेजमध्येच राहू दे."

बुधवारी संक्रांत झाली, आणि त्याच दिवशी थंडी उतरली. कित्येक वर्षांत पडली नव्हती अशी. टीव्हीवर सांगत होते, शून्याखाली पाच फॅरनहाइट, वारा धरून शून्याखाली पंचवीस. गुरुवारी सकाळपासून सबनीसांचा फोन थांबेना.

"काका, नीलांबरी बोलतेय. पाइप फुटतील म्हणतायत. काय करू?"

"सिंकखालची कपाटं उघडी ठेव, म्हणजे घरची ऊब आतल्या पाइपला लागेल. बाहेरच्या भिंतीवर जे नळ आहेत ते थोडे सोडून ठेव. दोऱ्याएवढी धार. वाहतं पाणी सहज गोठत नाही. आणि मेन व्हॉल्व कुठे आहे ते माहितीये?"

"राजेशला माहितीये."

"राजेश ऑफिसात असताना पाइप फुटला तर? आत्ता खाली जा आणि हात लावून ये. मी थांबतो फोनवर."

ती गेली, हात लावून आली. काका तेवढा वेळ फोन कानाला लावून उभे होते आणि खूश होते. असे नऊ फोन.

त्या रात्री झोपण्याआधी त्यांनी स्वतःच्या गॅरेजमधल्या नळालाही दोऱ्याएवढी धार सोडली. सवयीने. तिथे ती कधी लागली नव्हती. अर्ध्या तासाने काकू गुळपोळ्या झाकून ठेवायला गेल्या, तर सिंकमध्ये पडणाऱ्या धारेचे बारीक शिंतोडे शेजारच्या परातीवर उडत होते. त्यांनी नळ घट्ट बंद केला, परातीवर मलमलीचा तुकडा घातला, दिवा मालवला, दार ओढून घेतलं. दार एवढं छान बसलं होतं की आवाजही झाला नाही.

शुक्रवारी बारा वाजता दोघं बोस्टनच्या विमानतळाला निघाले. कोट घातल्यावर काका हॉलमध्ये थर्मोस्टॅटसमोर उभे राहिले. चाक फिरवलं. त्या चाकाने हा आकडा कधी पाहिला नव्हता. बेसबोर्डमध्ये टकटक सुरू झाली, पत्रा तापायला लागला.

"अहो, उशीर होतोय."

"बहात्तर," काका म्हणाले, आणि टोपी न घालता बाहेर पडले. तुम्ही त्यांना ओळखत असता तर तुम्हालाही वाटलं असतं, हे कोण गृहस्थ.

विमान दीड तास उशिरा आलं. आसावरी बाहेर आली ती बाळाला गुंडाळून, फक्त नाक दिसत होतं. काकांनी नाकालाच बोट लावलं. गाडीत काकू मागे निमिषजवळ बसल्या. आसावरी पुढे बसली होती, आणि मासपाइक हायवेला लागल्यावर म्हणाली, "बाबा, थँक्स. फॉर द सेव्हन्टी-टू." काकांनी गाडीचा हीटर एक घर वाढवला.

घराच्या वळणावर पोचले तेव्हा पाच वाजत होते, अंधारून आलं होतं. गाडीचा दिवा ड्राइव्हवेवर पडला आणि ड्राइव्हवे चमकला. गॅरेजच्या शटरखालून पाणी बाहेर आलं होतं आणि रस्त्यापर्यंत येऊन गोठलं होतं. काचेसारखं, गुळगुळीत.

काकांनी गाडी रस्त्यावरच थांबवली. दार उघडण्याआधीच त्यांना सगळं कळलं होतं. व्हॉल्वमध्ये बावीस वर्षं घालवलेल्या माणसाला पाणी कुठून कुठे गेलं हे सांगावं लागत नाही. रात्री पाइप गोठून चिरला. गोठलेला असेपर्यंत गप्प बसला. दुपारी घर तापलं, गॅरेजच्या दारावर ऊन आलं, बर्फ सुटला आणि पाणी मोकळं झालं. तीन तास तरी.

भिंतीच्या पोकळीतून पाणी आत किचनच्या फरशीवर आलेलं. हॉलच्या गालिच्यावर पाय ठेवला की चुबुक आवाज. बेसमेंटच्या जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या दिसतच नव्हत्या, आणि तिथे, पाण्यात, काळोखात, बॉयलर बंद पडून उभा होता. काका गुडघ्यापर्यंत भिजून मेन व्हॉल्वपाशी गेले आणि तो फिरवला. गावातल्या पस्तीस घरांना त्यांनी हा व्हॉल्व दाखवला होता. घरातून निघताना बंद करा म्हणून सांगितलं होतं.

वर आले तेव्हा थर्मोस्टॅटची सुई चौसष्टावर होती. उतरत होती. आसावरी दारातच उभी, निमिषला कोटाच्या आत धरून.

"गॅरेजचा नळ मी चालू ठेवला होता," काका म्हणाले.

हे त्यांचं पहिलं वाक्य. कोणी काही विचारलं नव्हतं.

काकू गॅरेजमध्ये परातीपाशी उभ्या होत्या. वरची भिंत फुटून पाणी परातीतूनच वाहून गेलं होतं. साखर सगळी गेली होती. मलमलीखाली ओल्या दोऱ्यांची गुंतवळ आणि तीळ. "मी बंद केला," काकू म्हणाल्या. त्यांनी एक दोरा उचलला, त्याला तीळ चिकटले होते. "हलव्यावर शिंतोडे उडत होते म्हणून. मला काय माहीत... मी बंद केला."

"आई!" आसावरी ओरडली. "ऑफ ऑल द नाइट्स! बाबांनी मुद्दाम ऑन ठेवला असेल ना? व्हाय वुड यू टच इट?"

काकांचा हात त्यांच्या नकळत गॅरेजच्या दाराच्या कडेला गेला होता. रबरी पट्टी. नवी, घट्ट, बर्फासारखी थंड. सात वर्षं त्या नळाला धार सोडावी लागली नव्हती. याच्याहून थोड्याच कमी थंडीच्या कितीतरी रात्री गेल्या होत्या. कारण या फटीतून घरची ऊब गॅरेजमध्ये जायची, आणि ती ज्या भिंतीतून तो पाइप गेला होता त्या भिंतीला रोज थोडी थोडी लागायची. सात वर्षं ज्या फटीला त्यांनी शिव्या घातल्या तिनेच पाइप जगवला होता. ती त्यांनी बुजवली. वर इन्सुलेशन असं लावलं की पाइप बाहेरच्या बाजूला, थंडीत राहिला. एखाद्या नव्या मुलाने हे केलं असतं तर त्यांनी त्याच्या डोक्यात टपली मारली असती.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तयार होतं. कांचन, नळाने काही झालेलं नाही. आसावरी त्यांच्याकडे बघत होती, आणि या सगळ्या चिखलात त्या नजरेत त्यांच्याबद्दल एक काहीतरी होतं जे थँक्सगिव्हिंगपासून नव्हतं. बाबांनी सगळं नीट केलं होतं, असं काहीतरी.

"जाऊ दे," काका म्हणाले. "तिला बोलू नकोस. झालं ते झालं."

ऐकणाऱ्याला हे मोठ्या मनाचं वाटावं असंच होतं.

राजेश येऊन आसावरीला, बाळाला आणि काकूंना आपल्या घरी घेऊन गेला. बोरन्हाण रविवारी नीलांबरीच्या हॉलमध्ये झालं, तिच्या ग्रॅनाइटच्या ओट्यासमोर. बोरं नव्हती म्हणून क्रॅनबेरी, चुरमुरे आणि रंगीत गोळ्या. निमिषच्या गळ्यात हलव्याचं काही नव्हतं. नीलांबरीने कागदाचा मुकुट केला होता. पोरांनी रंगीत गोळ्यांवर उड्या टाकल्या, फोटो छान आले. काका गेले नाहीत. भिजलेल्या भिंतीचं प्लास्टर अठ्ठेचाळीस तासांत काढलं नाही तर आत बुरशी धरते, हे खरंच आहे. ते घरी हातोडीने भिंत फोडत होते.

तिथे काकूंनी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, "माझ्याच हातून झालं हो." मग गावात तसंच पसरलं. बिचाऱ्या काकूंनी नळ बंद केला, काकांचं एवढं घर गेलं, आणि माणूस एका शब्दाने बोलला नाही. काकांचे फोन पूर्वीपेक्षा वाढले.

सोमवारी काकू आसावरीबरोबर सॅन होजेला गेल्या. घर राहण्यासारखं होईपर्यंत, असं ठरलं. घर एप्रिलात राहण्यासारखं झालं. मग निमिषला कानाचं दुखणं. मग आसावरीची नोकरी बदलली. मग डेकेअर सोडलं. उन्हाळ्यात त्या तीन आठवडे येऊन जायच्या, गॅरेजकडे जायच्या नाहीत. हिवाळ्यात म्हणायच्या, तिकडची थंडी आता मला सोसत नाही. एकदा आसावरी फोनवर सहज म्हणाली, "बाबा, आई इज सो फनी. ती आमच्याकडे कुठलाच नळ नीट बंद करत नाही. ऑल नाइट ड्रिप ड्रिप." काका म्हणाले, कॅलिफोर्नियात त्याची गरज नाही म्हणून सांग तिला. "मी सांगितलं. ती ऐकत नाही."

दर फोनच्या आधी ते ठरवायचे, आज सांगून टाकायचं. रिसीव्हर उचलायचे, टोन ऐकायचे, नंबर फिरवायचे. तिकडून काकूंचा "हॅलो" आला की हवापाण्यावर बोलायचे.

दोन हजार सातच्या जानेवारीत राजेशचा फोन आला. त्याने काकांसारखंच फोडणीचं किचन गॅरेजमध्ये केलं होतं. दार पॅक करायचं होतं, काकांनी येऊन उदबत्ती दाखवावी.

गेले. दाराशी गुलाबी इन्सुलेशनच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. रबरी पट्टी कापून तयार. काकांनी खाली वाकून उदबत्ती धरली. धूर झटकन वाकला आणि दाराखालून गॅरेजमध्ये गेला.

"बघा, केवढा वारा!" राजेश म्हणाला. "सगळं टाइट करून टाकू."

"पाइप कुठून नेलायस?"

"बाहेरच्या भिंतीतून. तुमच्या डिझाइननेच."

काका वाकलेलेच राहिले. "मग हे दार बुजवू नकोस."

"काय?"

"पट्टी लावू नकोस. पाइप आधी आतल्या भिंतीत घे, मग काय पाहिजे ते बुजव. तोपर्यंत ही फट राहू दे. या वाऱ्यावर तुझा पाइप जगतोय."

राजेशने डोकं खाजवलं. नीलांबरी चहा घेऊन आली होती, तीही थांबली. "पण काका," ती म्हणाली, "तुमच्याकडे तर काकूंनी नळ बंद केला म्हणून..."

उदबत्तीची राख मोडून फरशीवर पडली. काकांनी ती बोटाने गोळा केली.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"मग हे तुम्हाला कळलं कुठून?"

"वाचलं होतं कुठेतरी."

चहा न घेता ते निघाले. घरी आले, माकडटोपी घातली, थर्मोस्टॅट अठ्ठावन्नावर आहे ना ते पाहिलं. गॅरेजमध्ये सिंक अजून होता, पण त्याचा पाइप त्यांनी तीन वर्षांपूर्वीच बेसमेंटमध्ये कापून तोंडाला टोपण लावलं होतं. त्या नळात आता पाणी येत नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"हॅलो," काकू म्हणाल्या. मागे निमिषचा आवाज येत होता, इंग्रजीत. "तिकडे फार आहे का हो थंडी?"

"आहे."

"गॅरेजचा नळ सोडलात का?"

"सोडलाय."

"विसरू नका हं. रोज सोडा. एकदा माझ्यामुळे..." त्या थांबल्या. पलीकडे सिंकमध्ये थेंब पडल्याचा आवाज आल्यासारखा वाटला, किंवा नसेलही. "ठेवते मी. निमिषला प्रीस्कूलला सोडायचंय."

"कांचन," काका म्हणाले.

"काय?"

"काही नाही. नीट जा."

फोन ठेवल्याचा आवाज आला. सबनीसकाका रिसीव्हर कानाला धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने टोन आला. फोन चालू होता.